३९१ नंबरचा जिल्हा

आजच्या भागाची सुरुवात एका आकड्यापासून करतो: ३९१.

हा पिनकोड नाही आणि गाडीचा पासिंग नंबरही नाही. मे २०२१ मध्ये लसीकरणाच्या कोविन पोर्टलच्या लेखी आपला जिल्हा म्हणजे हा आकडा होता. महाराष्ट्र २१, पुणे ३६३, मुंबई ३९५ आणि अहमदनगर ३९१. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण त्या उन्हाळ्यात मी हा आकडा सरकारी सर्व्हरला रोज हजारो वेळा विचारत होतो. म्हणजे मी झोपलेला असायचो, माझी स्क्रिप्ट विचारायची.

ती स्क्रिप्ट म्हणजे एक मॅशअप होतं. आज त्याच मॅशअपचा इतिहास सांगायचाय, आणि त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही.

आधी शब्द बघू. मॅशअप हा शब्द संगीतातला. दोन वेगळी गाणी एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी करायचं. वेबवर हा शब्द गाजला तो २००५ मध्ये. त्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं. पॉल रॅडमाकर नावाचा एक प्रोग्रामर तेव्हा अमेरिकेत भाड्याचं घर शोधत होता. घरांच्या जाहिराती क्रेग्सलिस्टवर होत्या, पण घर नेमकं कुठंय हे बघायला प्रत्येक पत्ता वेगळा शोधावा लागायचा. त्याने जाहिराती उचलल्या आणि थेट नकाशावर टाचण्या लावल्यासारख्या टोचल्या. साइटचं नाव हाउसिंगमॅप्स. गंमत म्हणजे तेव्हा गूगल मॅप्सचा एपीआय अस्तित्वातच नव्हता. याने नकाशाचा कोड उलगडून जुगाड केला होता. गूगलने त्याच्यावर केस ठोकली नाही. जून २००५ मध्ये त्यांनी एपीआय सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे त्याला नोकरीही दिली.

त्याच वर्षी एड्रियन होलोव्हाटी या पत्रकार-प्रोग्रामरने शिकागो पोलिसांची गुन्ह्यांची माहिती नकाशावर मांडली. लोक आपल्या गल्लीत काय घडतंय ते नकाशावर बघू लागले.

ज्यांना एपीआय म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी: हॉटेलात आपण भटारखान्यात शिरत नाही. खिडकीपाशी जाऊन ठरलेल्या पद्धतीने ऑर्डर देतो आणि ताट बाहेर येतं. एपीआय म्हणजे ती खिडकी. मॅशअप करणारा दोन-तीन खिडक्यांवरून वेगवेगळे पदार्थ आणतो आणि स्वतःचं ताट लावतो. खिडकी मात्र आपल्या मालकीची नसते. याहूने २००७ मध्ये पाइप्स नावाचं झकास साधन आणलं होतं, कोड न लिहिता असली ताटं लावता यायची. २०१५ मध्ये ते बंद झालं. गूगल मॅप्सचे दर २०१८ मध्ये एवढे वाढले की कित्येक छोट्या साइट्सनी नकाशाच बदलला.

आता आपल्याकडे येऊ. भारत सरकारने २०१२ मध्ये डेटा डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल सुरू केलं. पण सामान्य माणसाला मॅशअपची गरज खरी कळली ती कोरोनात. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी कोविड१९इंडिया ही साइट उभी केली. राज्यांची बुलेटिन्स वाचायची, आकडे शीटमध्ये भरायचे आणि एपीआयमधून सगळ्यांना फुकट द्यायचे. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी काम थांबवलं, तोपर्यंत असंख्य पेपर, चॅनेल्स आणि अभ्यासक त्यांच्याच आकड्यांवर चालत होते.

असला डेटा जोडताना पहिली ठेच नावाला लागते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, मधल्या 'ई'च्या जागी 'ए'. दुसऱ्या फाइलीत दुसरं स्पेलिंग, आता तर नावच नवीन. संगणकाला हे तीन वेगळे जिल्हे वाटतात. म्हणून नावापेक्षा कोडवर जोडायचं असतं. जनगणनेत आपला कोड ५२२, कोविनमध्ये ३९१.

आता मुख्य गोष्ट. २८ एप्रिल २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी देशभरात एक कोटीच्या वर लोकांनी नाव नोंदवलं. लस होती थोडी. त्याच सुमारास कोविनचा सार्वजनिक एपीआय खुला झाला. जिल्ह्याचा कोड आणि तारीख द्या, पुढच्या सात दिवसांतली केंद्रं, पिनकोड, वयोगट, लस आणि शिल्लक जागा, सगळं मिळायचं. एपीआयने फक्त बघता यायचं. बुकिंग स्वतः, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून करावं लागायचं. चेन्नईच्या बर्टी थॉमसने यावर अंडर४५ ही साइट आणि टेलिग्राम अलर्ट सुरू केले आणि देशभर तसली साधनं उगवली.

त्यातलं एक छोटंसं माझं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पारनेर तालुक्यातल्या घरून काम करत होतो. स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी ३९१ ला विचारायची, जागा दिसली की टेलिग्रामच्या चॅनेलवर मेसेज. पुण्यातले ऑफिसवाले मित्र म्हणाले, "अरे, पुण्यात काहीच मिळत नाही, नगरला मिळतंय का बघ ना." मग मी तिसरी खिडकी जोडली. पिनकोडवरून ओपनस्ट्रीटमॅपवर जागा शोधायची आणि मेसेजमध्ये लिहायचं, पुण्यापासून इतके किलोमीटर. लोकांना ते फार आवडलं. चॅनेल वाढत गेलं. मला वाटत होतं, आपण समाजसेवा करतोय.

एका संध्याकाळी आमच्या घरापासून चार किलोमीटरवरच्या केंद्रावर शंभर जागा उघडल्या. मेसेज गेला. दोन मिनिटांच्या आत शून्य. मी चुलतभावाच्या बायकोला, वहिनींना, आधीच सांगून ठेवलं होतं. त्या ३४ वर्षांच्या, घरात मोबाइल एक, आणि ओटीपी यायला गच्चीवर जावं लागतं. त्या गच्चीवरून उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रासमोर एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या उभ्या. एमएच १६ ची गाडी शोधावी लागत होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सुई आपल्या गावात आली, आन् आपल्यालाच नाही व्हय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याहून आलेल्यांना दोष देता येत नाही. तीही घाबरलेली माणसं होती, कोणाच्या घरात पेशंट होता, कोणाचं माणूस गेलं होतं. नियमही त्यांनी मोडला नव्हता, देशात कुठेही जागा घ्यायला परवानगी होती. पण केंद्र किती लांब आहे हे त्यांना मी सांगितलं होतं. एपीआय सगळ्यांसाठी खुला होता हे खरं, पण त्या खिडकीपर्यंत पोचायला लागणारे पाय सगळ्यांकडे नव्हते. माझ्या कोडने ज्यांच्याकडे आधीच पाय होते त्यांना सायकल दिली.

हे फक्त आमच्याच गावात झालं नाही. देशभर शहरातली माणसं खेड्यातल्या केंद्रांवर जात होती. सरकारने मे महिन्यातच एपीआयला लगाम घातला: एका आयपीवरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या, आणि माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल. मूळ अडचण त्याने सुटली नाही. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला, की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी केवळ पोर्टलवर अवलंबून लस कशी मिळवायची? त्याआधी २४ मे ला केंद्राने या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीला परवानगी दिली होती. महाराष्ट्रात मात्र लस अपुरी असल्याने या गटाचं लसीकरण १२ मेच्या सुमारास थांबलं होतं, ते जूनमध्ये पुन्हा सुरू झालं.

मी अंतराचं फीचर काढून टाकलं आणि चॅनेल बंद केलं. मग लॅपटॉप घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलो. एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी करता यायची. आशाताई घरोघर सांगून माणसं पाठवायच्या, मी नावं भरायचो. टेलिग्रामवर मिळाले त्याच्या शंभराव्या भागाइतकेही लोक नसतील. वहिनींना जून अखेरीस पहिला डोस मिळाला.

तेव्हापासून मला आपल्याच जिल्ह्यातलं एक जुनं मॅशअप वेगळं दिसायला लागलंय: हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास तिथे सरपंच झाले. पुढे गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पर्जन्यमापकाचा आकडा, निरीक्षण विहिरींची पातळी, माणसांची आणि जनावरांची गरज हे सगळं एकत्र करायचं आणि ग्रामसभेत ठरवायचं, यंदा कोणती पिकं परवडतील. ऊस-केळीला बंदी, शेतीसाठी बोअरवेलला बंदी. तीन-चार ठिकाणचा डेटा जोडून एक निर्णय, म्हणजे मॅशअपच की! फरक एवढाच की निकाल भिंतीवर लिहिलेला असतो आणि निरक्षर आजीलाही तो सभेत ऐकू येतो.

आता माझी एक छोटी स्क्रिप्ट चालू आहे. डेटा डॉट गव्ह डॉट इनवर बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयमधून मिळतात, की फुकट मिळते. राहुरी, संगमनेर, कोपरगावचा कांद्याचा भाव मी उचलतो. ॲप नाही, चॅनेल नाही. संध्याकाळी एक मेसेज गावातल्या दूध डेअरीवर जातो आणि तिथला पोरगा खडूने फळ्यावर लिहितो. दूध घालायला सगळेच येतात.

तुम्हीही असलं काही बनवणार असाल तर कोड लिहायच्या आधी बघून घ्या, उत्तर कुठल्या फळ्यावर उमटणार आणि तिथून रोज कोण जातं. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, राम राम!