भाषेचे घरटे



एखाद्या भाषेचा इतिहास सांगताना आपण तिच्या कवींची, ग्रंथांची आणि राजाश्रयाची कथा सांगतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना त्यात सहसा स्थान नसते. न्यूझीलंडमधील माओरी भाषेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मात्र मुलांना वगळून सांगताच येत नाही. ती भाषा मुलांच्या तोंडून काढून घेतली गेली, आणि पुढे मुलांच्याच तोंडी पुन्हा घालावी लागली. विशेष हे की, दोन्ही वेळी साधन एकच होते. मुलाला शाळेत एका भाषेच्या सहवासात संपूर्णपणे ठेवायचे, दुसरी भाषा कानी पडू द्यायची नाही, हेच ते साधन. मग एकदा त्यातून ऱ्हास आणि एकदा पुनरुज्जीवन कसे घडले, याचा विचार आज करावयाचा आहे.

१८४० साली वायतांगीचा तह होऊन इंग्रजांचे राज्य तेथे आले. १८६७ साली माओरी मुलांच्या शाळांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शाळेला जमीन आणि खर्चाचा वाटा माओरींनी द्यावयाचा आणि शिक्षण शक्यतो इंग्रजीतून व्हावयाचे, अशी त्याची रचना होती. येथे सारा दोष राज्यकर्त्यांवर टाकून चालणार नाही. पुढच्याच दशकात तीनशेहून अधिक माओरींनी विधिमंडळाकडे अर्ज केला, की आमच्या मुलांना इंग्रजीच शिकवा आणि शाळेत माओरी बोलू देऊ नका! नव्या राज्यात जमिनी टिकवायच्या, व्यापार करायचा, तर राज्यकर्त्यांची भाषा हवी, हा त्यांचा हिशेब काही चुकीचा नव्हता. घरी माओरी आहेच, ती कोठे जाणार, असे त्यांना वाटले असावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे धोरण कठोर झाले. सर जेम्स हेनारे या वृद्ध माओरी नेत्याने १९८५ साली वायतांगी न्यायाधिकरणापुढे आपल्या बालपणाची साक्ष दिली. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात पाठवून, ज्या वेलीची छडी खायची ती त्यांनाच तोडून आणायला लावली होती. अशा शाळांतून शिकलेली पिढी आईबाप झाली, तेव्हा आपण सोसले ते मुलांना नको, म्हणून अनेकांनी घरातही इंग्रजीच धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी सोडून माओरी कुटुंबे शहरांत आली. तेथे त्यांना गोऱ्यांच्या वस्तीत विखरून घरे देण्यात आली, आणि शेजारही तुटला. १९१३ साली माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना आपली भाषा येत होती. १९५३ साली २६ टक्के. १९७५ साली जेमतेम ५ टक्के. म्हणजे छडीने जे पुरे साधले नव्हते, ते घरातील मौनाने पुरे केले.

१९७२ साली तरुण माओरींनी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला सादर करून शाळांत माओरी शिकविण्याची मागणी केली. परंतु आठवड्यातून काही तास एक विषय म्हणून भाषा शिकवली, तर मुलाला शब्द येतात, भाषा येत नाही. भाषा अस्खलित बोलणारे होते ते आजी-आजोबा; नातवंडांना ती येत नव्हती, आणि मधली पिढी मुकी होती. यावर माओरी वडीलधाऱ्यांनी जो उपाय योजला तो अगदी साधा होता. मधली पिढी ओलांडून आजीला आणि नातवंडाला एकत्र बसवायचे. १९८२ सालच्या एप्रिल महिन्यात वेलिंग्टनजवळ वायनुइओमाटा येथे पहिले 'कोहांगा रेओ' उघडले. कोहांगा म्हणजे घरटे, आणि रेओ म्हणजे भाषा.

या घरट्यात तान्ह्या मुलांपासून शाळेच्या वयापर्यंतची मुले असत. दारातून आत आल्यापासून माओरीखेरीज शब्द उच्चारायचा नाही, हा नियम. पुस्तक नाही, धडा नाही; खाणे, झोपणे, रुसणे, गाणे सारे माओरीतून. दूध हवे तर ते माओरीत मागावे लागे, आणि मूल मागत असे. व्यवस्था पालकांकडे होती, त्यामुळे आईबापही शिकू लागले. १९९३ साली अशी ८०९ घरटी होती आणि त्यांत १४,५१४ मुले होती.

अडचणही लवकरच दिसली. घरट्यातले मूल पाच वर्षांचे होऊन इंग्रजी शाळेत गेले, की काही महिन्यांत भाषा ओसरू लागे. म्हणून १९८५ साली ऑकलंडमध्ये माओरी माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा पालकांनी स्वतःच काढली. कायद्याची मान्यता १९८९ साली मिळाली. १९८७ साली माओरी ही अधिकृत भाषा झाली. हवाई बेटांवर तर १८९६ पासून शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचा कायदा होता. तेथेही माओरींचे उदाहरण पाहून १९८४ साली असेच घरटे निघाले.

तथापि ही विजयगाथा म्हणून सांगणे सत्याला धरून होणार नाही. १९९३ नंतर घरट्यांची संख्या उतरत गेली. सरकारचा आधार अपुरा आणि अयोग्य होता, असा ठपका वायतांगी न्यायाधिकरणाने २०१२ साली ठेवला. १९९६ साली माओरींपैकी सुमारे २५ टक्के लोक भाषेत संभाषण करू शकत होते. २०१३ साली २१ टक्के. घरट्यातून पिलू उडते ते घरी येते, आणि घरी कोणती भाषा आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

लहान मूल कोणतीही भाषा सहवासाने उचलते, ही त्याची निसर्गदत्त शक्ती आहे. ती शक्ती भाषाभाषांत भेद करीत नाही. सरकारी शाळेने ती घराविरुद्ध वापरली, तेव्हा मुलाला एक भाषा मिळाली आणि एक गेली. आजीने ती घरासाठी वापरली, तेव्हा रस्त्यावरची इंग्रजी होतीच, तिच्या जोडीला दुसरी आली. आज मराठी घरांतून तीन वर्षांची मुले इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जात आहेत, आणि त्यांच्या आईबापांचा हिशेबही त्या तीनशे अर्जदारांसारखाच प्रामाणिक आहे. त्यांना इंग्रजी सोडा, असे सांगण्याचे कारण नाही. परंतु मूल शाळेतून परतल्यावर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. माओरींनी ते घरातले बोलणे सोडून दिले, आणि ते परत मिळविण्यास त्यांना पुढे नव्याने आरंभ करावा लागला. आपल्या घरी ते अजून चालू आहे, तोवर ते चालू ठेवणे पुष्कळच सोपे आहे.