सारिकेची वाणी आणि कोकिळाचा कंठ

चैत्र लागला की उज्जैनच्या माधवनगरात कोकिळाची साद ऐकू येते. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही हा पक्षी मोठेपणी कावळ्याची भाषा बोलत नाही. संस्कृताने त्याला 'परभृत' म्हटले. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात कोकिळेच्या याच रीतीचा दाखला देऊन दुष्यंत शकुंतलेला टोचून बोलतो. 'मेघदूता'त मात्र वेगळा पक्षी भेटतो. यक्षपत्नी पिंजऱ्यातील मधुरवचनी सारिकेला, म्हणजे मैनेला, धन्याची आठवण येते का, असे विचारते. एकाची वाणी उपजत, दुसरीची ऐकून कमावलेली. एकाच कवीने टिपलेल्या या दोन पक्ष्यांतील भेद मेंदूत कोठे वसतो, हे उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

आरंभ मानवापासून झाला. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी केवळ 'तां' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा पुढील भाग विकृत झालेला आढळला. पुढे केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात दाखवले की, एकाकी वाढवलेल्या चॅफिंच पक्ष्याचे गाणे ओबडधोबडच राहते. मासाकाझू कोनिशी यांच्या प्रयोगांत श्रवणशक्ती गेलेला कोंबडा नेहमीसारखाच आरवला (१९६३). एका गाणाऱ्या अमेरिकी चिमणीचे गाणे मात्र विस्कटले (१९६५). न्यूयॉर्कच्या फर्नांडो नोटेबोम यांनी १९७६ मध्ये कॅनरीच्या अग्रमस्तिष्कातील गानकेंद्रे दाखवून दिली. त्यांतील एक केंद्र दोन्ही बाजूंनी निकामी केल्यावर पक्षी गाण्याचा पवित्रा घेई, चोच हलवी. पण गाणे उमटत नसे.

तात्पर्य असे की, उपजत हाक मध्यमस्तिष्क व मस्तिष्कस्तंभ यांतील प्राचीन केंद्रांतून निघते. शिकलेल्या गाण्यासाठी त्यांवर अग्रमस्तिष्काची साखळी चढलेली असते. आपल्या पुण्यातही हे काम चालते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राघव राजन झेब्रा फिंचच्या गाण्याचा अभ्यास करतात. हा पक्षी गाण्यापूर्वी एक लहानसा स्वर पुनःपुन्हा काढतो. ती मेंदूची पूर्वतयारी असावी, असे त्यांनी ॲलिसन डूप यांच्यासह २०१३ मध्ये मांडले. मैफलीआधी षड्ज लावणाऱ्या गवयाची येथे आठवण व्हावी!

आपण 'पोपटपंची' हा शब्द हेटाळणीने वापरतो. वस्तुतः ऐकलेला ध्वनी कंठातून पुन्हा घडवण्याची शक्ती अतिशय दुर्मीळ आहे. पोपट, गाणारे पक्षी व गुंजनपक्षी, तसेच माणूस, देवमासे, वटवाघळे, हत्ती, सील अशा मोजक्यांनाच ती लाभली. आपल्या जवळच्या नात्यातील माकडांना जवळजवळ नाहीच. या शक्तीची किंमतही मोजावी लागते. ऑस्ट्रेलियातील रीजंट हनीईटर इतके विरळ झाले की, काही तरुण नरांना गाणे शिकवण्यास स्वजातीय वडीलधारेच उरले नाहीत. ते इतर पक्ष्यांचे सूर गाऊ लागले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

माळव्यातील आम्हा मराठी घरांना ही कथा परकी वाटू नये. कोकिळाला वारशाची चिंता नाही. त्याचा सूर जन्मासोबत येतो. आपली गोष्ट सारिकेची आहे. बालवयात जे कानी पडेल, तेच कंठात उतरेल.