इम्प्लांटचा दात : हाडाइतकीच हिरडीही महत्त्वाची

महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील रुग्णाने पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवून घ्यायचे ठरविले, की दंतवैद्याकडे अनेक खेपा घालाव्या लागतात. उपचारासाठी मुंबई गाठायची तर महाडहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास. दक्षिणेकडे कशेडी घाटापलीकडे खेडला दंत महाविद्यालय आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. जुलै २०२१ च्या पुरात तर महाड शहरच पाण्याखाली गेले होते. खेप चुकण्याचा त्रास सर्वांनाच कळतो. मात्र खेपा वाढल्याने हिरडीचेही नुकसान होऊ शकते, हे फारसे कोणी सांगत नाही.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण निघता निघेना, तेव्हा हाड या धातूशी एकजीव होते हे स्वीडनचे डॉ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या १९५० च्या दशकात ध्यानात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णास इम्प्लांट बसविले. हाडात राहणारा भाग आता मुद्दाम खरखरीत केला जातो. त्यावर बारीक कणांचा मारा करतात आणि मग तो आम्लात बुडवितात. त्यामुळे हाडाच्या पेशींना चांगली पकड मिळते. पूर्वी खालच्या जबड्यात तीन, तर वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे. हा काळ अनेक रुग्णांत दीड-दोन महिन्यांवर आला आहे.

या स्क्रूवर बसणाऱ्या आणि हिरडीतून तोंडात येणाऱ्या जोडभागाला 'अबटमेंट' म्हणतात. त्याचे गणित नेमके उलटे आहे. येथे खरखरीतपणा वाढला, की जंतूंचा थर लवकर साचतो. ०.२ मायक्रॉन ही खरखरीतपणाची मर्यादा मानली जाते. त्याहून अधिक गुळगुळीत केल्याने जंतू आणखी घटतात असे आढळलेले नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या मापाची कल्पना यावी.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. अबटमेंटभोवती ते तसे रुतत नाहीत, केवळ समांतर किंवा कड्यासारखे वेढा घालतात. त्यामुळे जंतूंना अडविणारा हा बांध मुळातच कच्चा असतो. तो पक्का व्हावा म्हणून लेसरने सूक्ष्म खाचा पाडणे, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा देणे, झिर्कोनियाचा भाग वापरणे, असे उपाय पुढे आले. प्रयोगशाळेत घडविलेल्या भागावर यंत्राचे तेल व धातूचे कण राहतात. ते नुसत्या वाफेने पुरते निघत नाहीत. त्यासाठी ध्वनिलहरींनी किंवा प्लाझ्माने सफाई केली जाते. प्लाझ्माने शुद्ध केलेल्या धातूवर हिरडीच्या पेशी अधिक चांगल्या चिकटतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रुग्णांमध्ये त्याचा दीर्घकालीन लाभ किती, याबाबतचा पुरावा अद्याप तोकडा आहे. जाहिराती वाचताना एवढे लक्षात ठेवलेले बरे.

खेपांचा प्रश्न येथेच येतो. माप घेण्यासाठी वा दात बसवून पाहण्यासाठी अबटमेंट काढले, की जुळत आलेली हिरडी पुन्हा सुटते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका प्रयोगात कुत्र्यांच्या तोंडातील अबटमेंट पाच वेळा काढून पुन्हा बसविण्यात आले. तेव्हा हिरडीची जोड खाली सरकली आणि कडेचे हाडही झिजले. यावरूनच कायमचे अबटमेंट एकदाच बसवून पुन्हा न काढण्याची पद्धत पुढे आली. दूरच्या गावांतील रुग्णांना ती दुहेरी सोयीची आहे.

कोकणात एक अडचण आणखी आहे, ती मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची ही पूड थेट हिरडीवरच घासली जाते. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरण्यास विलंब लागतो. अनियंत्रित मधुमेहातही भरून येण्याची गती मंदावते. अबटमेंटभोवतीची हिरडी स्थिरावण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात मिश्री पूर्ण बंद हवी, आणि ती लावण्याची सवय असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच दंतवैद्यास सांगावे. आपले अबटमेंट किती वेळा काढावे लागणार, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.