पत्ती ओली करा

नांदेडच्या इतवाऱ्यात भंगाराच्या दुकानात तुम्ही उकिडवे बसला आहात. तांबे-पराती उपसता उपसता हाताला एक नळी लागते. क्लॅरोनेट! पण काळ्या लाकडाचं नव्हे, धातूचं. निकेलचा मुलामा बोटांच्या जागी झिजून खालचं पितळ उघडं पडलंय. दुकानदार ते तराजूत टाकतो.

तुम्हाला त्याचं कूळ माहीत आहे. १९२० ते १९४०च्या दरम्यान अमेरिकेत एल्कहार्ट, क्लीव्हलँड, बोस्टन इथल्या कारखान्यांनी अशी हजारो वाद्यं काढली, बरीचशी शाळांच्या बँडसाठी. महायुद्धानंतर प्लास्टिकची आली आणि ही माळ्यावर गेली. तिकडे आता कित्येकांच्या पोटातून वायर ओवून टेबललॅम्प करतात.

खिशातली पत्ती जिभेवर ओली करा. माउथपीसला बांधा. फुंका. नुसता वारा, पॅड गळतायत. डोळे मिटून पुन्हा फुंका.

धूर. रॉकेलचा वास. वैशाखातली रात्र, साल १९३८. तुम्ही लातूरला गंजगोलाईत उभे आहात. मधली गोल इमारत एकवीस वर्षांची आहे, भोवती सोळा रस्ते फुटलेत. मुलूख निजामाचा, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. दूर बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीची शिट्टी वाजते.

वरात थांबलीय. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली पोरं दुतर्फा उभी आहेत. बँडच्या मास्तरांच्या हातात तेच क्लॅरोनेट आहे, निकेल अजून शाबूत. ते जोडावर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळतायत. बूच कधीच झडून गेलंय. एका चावीची स्प्रिंग तुटलीय, तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलीय.

"काय बघायलाव पाव्हणं?"

तुम्ही विचारता, लाकडाचं का नाही?

"होतं की. दोन उन्हाळे टिकलं, तिसऱ्यात उभं चिरलं. हे चिरत नाही. पण तापलं की सूर वर पळतोय." ते नळीचा वरचा तुकडा दोराभर बाहेर ओढतात. नळी लांबली, सूर उतरला.

मग 'संत तुकाराम' चित्रपटातली एक चाल सुरू होते. दोन वर्षांपूर्वीचा प्रभातचा बोलपट. पण इथं चाल पडद्याशिवायही पोचलीय. तुम्ही त्यांच्या बोटांकडे बघा. भोक ते एकदम उघडत नाहीत, बोट हळूच सरकवतात. सूर पायरी सोडून घसरत येतो. मग डाव्या अंगठ्याची चावी. बासरीत जोरानं फुंकलं की वरचा सा मिळतो. इथं सा धरून ती चावी दाबली की थेट तार सप्तकातला प! एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीचा हा स्वभाव. मधल्या सुरांसाठीच तर एवढ्या चाव्या. मास्तरांना त्याचं शास्त्र ठाऊक असो-नसो, ती उडी ते बरोबर नवरदेवाच्या घोड्यानं पाऊल उचलताना मारतात.

कुणीतरी नवऱ्यावरून निजामाचा हाली रुपया ओवाळून मास्तरांना देतं. नाण्यावरचा चारमिनार बत्तीखाली चमकतो. तसाच पिवळा उजेड नळीवर सांडलाय. अशा वाद्यांचे पुढे दिवे होणार आहेत, हे तुमच्या अगदी ओठांवर येतं. तुम्ही बोलत नाही. बत्ती धरायला इथं पोरगं आहे. ते मानेवर ओघळणारा घाम पुसत तालावर पाय हलवतंय.

मास्तर श्वास घ्यायला थांबतात, आणि तुमचा श्वास सुटतो.

इतवारा. काटा स्थिर झालाय. दुकानदार पितळेचा भाव सांगतो आणि विचारतो, "शोकेसमध्ये ठेवताव का?"

तुम्ही पैसे मोजता. बोट नकळत जोडावर जातं. बुचाच्या खाचेत काळपट, कडक झालेल्या सुताचे दोन वेढे अजून तसेच आहेत.

"इथं जवळ मेण कुठं मिळंल?" तुम्ही विचारता.