साक्षीदाराची सही

बाबांच्या खाकी थैलीत मनीऑर्डरीच्या फॉर्मांसोबत एक चपटी पत्र्याची डबी असायची. तिच्यात काळ्या शाईत भिजलेली कापडाची गादी. संगमेश्वर तालुक्यातल्या, सह्याद्रीच्या अंगाच्या पाच वाड्यांचं टपाल त्यांच्याकडे होतं. मुंबईत गिरण्यांचे पगार झाले की चार-सहा दिवसांनी थैली जड व्हायची आणि डबीचं झाकण दिवसभर उघडमीट करायचं. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्यामागे चालायचे.

बाबा पडवीत टेकत. घरातली बाई चुलीपुढून उठून पदराला हात पुसत येई. बाबा तिचा अंगठा धरून गादीवर टेकवत, मग फॉर्मवर. "दाबू नका वैनी, नुसता ठेवा." शेजारच्या घरातून लिहिता येणारं कुणीतरी बोलावलं जाई आणि ते ठशाखाली साक्षीदार म्हणून सही करी. मग नोटा मोजून तिच्या हातावर पडत, आणि बाबा फॉर्मच्या तळाचं कूपन फाडून त्यावरचा मजकूर वाचून दाखवत. म्हैस व्याली का, पोराचा ताप उतरला का, गणपतीला येतो आहे.

नावाचा घोळ तेव्हाही होता. परळच्या पोस्टात नवऱ्यानं बायकोचं नाव सांगितलं ते एक, कारकुनानं ऐकलं ते दुसरं, आणि वाडीत तिला हाक मारत ती तिसऱ्याच नावानं. पैसे योग्य माणसाच्याच हाती द्यायचे, असा नियम होता. योग्य माणूस कोण, हे मात्र बाबांना माहीत असायचं. फॉर्मवर माहेरचं नाव आलं तरी ते त्याच दारात थांबत. चुकीच्या हाती पैसे पडले असते तर जाब त्यांना द्यावा लागला असता आणि तो द्यायला ते तयार होते.

टपालखात्यानं मनीऑर्डर १ जानेवारी १८८० ला सुरू केली. त्याआधी अशी रक्कम सरकारी खजिन्यांमार्फत पाठवली जाई. पण लांबच्या गावी पैसे पोचवायचे आणि घेणाऱ्याची ओळख पटवायची, हा उद्योग सरकारहून जुना आहे. आपल्या पेठांमध्ये तो हुंडीनं चाले. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत काढत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शाहजोग हुंडी. ती कुणीही आणून पैसे मागू शकत नसे. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच ती वटायची. पुढे हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर घेतलेली रक्कम त्या शाहाला परत करावी लागे. म्हणजे ओळख देणाऱ्याची पतही पणाला लागलेली असायची. 'हा माझ्या माहितीतला आहे' या वाक्याला किंमत होती, कारण ते बोलणारा ती किंमत भरायला बांधलेला होता.

अंगठ्याच्या ठशाचा इतिहास वेगळ्या वळणानं आला. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्यासाठी खडी पुरवण्याच्या करारावर राज्यधर कोनाई या माणसाच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्यानं पेन्शनरांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या पेन्शनरांच्या नावानं दुसरेच लोक पैसे नेतील अशी भीती होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी उभी राहिली. ठसे वर्गवार लावण्याच्या पद्धतीमागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांची बुद्धी होती. जे सरकार माणसांना ओळखत नव्हतं, त्याला ओळख पटवायला हे साधन लागलं. बाबांच्या डबीतली शाई तिथूनच आली. फरक एवढाच की बाबा ज्या बाईचा ठसा घेत, तिला ते आधीच ओळखत असत, आणि तो ठसा कधी एकटा नसे. त्याच्या खाली साक्षीदाराची सही असे.

१९८१ मध्ये मी तालुक्याच्या गावी बँकेत कारकून म्हणून लागले. खातं उघडायच्या फॉर्मवर तेव्हा एक चौकट असायची: ओळख देणाऱ्याची सही. शाखेत आधीपासून ज्याचं खातं आहे अशा माणसानं नव्या माणसाची ओळख द्यायची. मला ती चौकट ओळखीची वाटली. बाबांच्या फॉर्मवरचा साक्षीदारच तो. मग पहिल्याच वर्षी एक कातकरी बाई काउंटरवर आली. कोळशाच्या भट्टीवरच्या मजुरीतले साठ रुपये तिला ठेवायचे होते. तिच्या वस्तीत कुणाचंच खातं नव्हतं. मी तिला ओळख आणायला सांगून परत पाठवलं. आठवड्यानं ती पुन्हा आली. ज्याचं खातं होतं तो भट्टीचा मालक, आणि पैसे साठवते आहे हे तिला त्यालाच कळू द्यायचं नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी स्वतः तिच्या फॉर्मवर सही केली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. जुनी ओळख मायेची होती, तशीच ती दार बंदही करायची. ज्याला गावात पत नाही त्याला बँकेतही जागा नाही, असा तिचा अर्थ होई. आणि पत कुणाला मिळायची हे जात आणि जमीन ठरवायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या पावसाळ्यापर्यंत बाबांची थैली हलकी झाली. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत. तो मुलूख कसा थांबतो ते मी आमच्या पडवीतून पाहिलं. बायका वाटेवर येऊन विचारत, "आमचं काय आलंय?" आणि बाबा मान हलवत. डबीतली गादी वाळून कडक झाली. १ एप्रिल २०१५ पासून टपालखात्यानं जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद केली. बाबा ते पाहायला नव्हते.

ओळख देणाऱ्याची चौकटही गेली. ऑगस्ट २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ग्राहक ओळखण्याच्या, म्हणजे केवायसीच्या सूचना बँकांना दिल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या सविस्तर झाल्या, आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. आता कागद बोलणार होता. मला मनापासून बरं वाटलं. त्या कातकरी बाईला आता कुणाच्या दारात जावं लागणार नव्हतं. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा मला तीच बाई आठवली.

पण कागद बोलू लागला, आणि एकाच माणसाबद्दल चार कागद चार गोष्टी सांगू लागले. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव कोरतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग ज्या कारकुनाच्या हाती फॉर्म पडला त्याच्या मर्जीवर. जन्मतारखेचंही तसंच. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून गुरुजींनी दाखला करताना सरसकट १ जून लिहिलं. माझ्या पिढीतले वाडीतले निम्मे लोक त्या एका दिवशी जन्मलेले आहेत. बाबांसारख्या माणसाला यातलं काहीच अडलं नसतं. यंत्राला अडतं, कारण त्याला अक्षरं जुळवायची असतात.

पुढचा काळ भराभर गेला. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवर चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मोबाइल वॉलेटसाठी केवायसीचे नियम कडक केले, आणि २८ फेब्रुवारी २०१८ ही शेवटची मुदत ठरली. लोक दुकानात आधार घेऊन उभे राहिले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांच्या आधार वापरण्याला आडकाठी घातली, आणि सुरू झालेली पडताळणी पुन्हा अडखळली. जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवायची मुभा मिळाली.

२०२४ च्या शिमग्याला आमच्या ग्रामदेवतेच्या पालखीची वर्गणी माझ्याकडे होती. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी पैसे फोनवरून पाठवत होते, पूर्वी त्यांचे आजे मनीऑर्डरीनं पाठवत तसे. एका सेवेच्या वॉलेटमध्ये २१,४०० रुपये जमले आणि खातं थांबलं. पडताळणी बाकी आहे, असा निरोप आला. पॅनवर माझं मधलं नाव पूर्ण आहे, आधारवर नुसतं आद्याक्षर. मी कागद चढवले. नामंजूर. पुन्हा चढवले. नामंजूर, कारण दिलेलं नाही. मदतीच्या खिडकीत एक यंत्र उत्तरं देत होतं, आणि फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगत होती, "मॅडम, तुमची तक्रार संबंधित टीमकडे पाठवली आहे." त्या टीममध्ये कोण आहे, हे तिलाही माहीत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीला तीस दिवस द्यावे लागतात. पालखी तीस दिवस थांबत नाही. पेन्शनमधून पैसे घालून मी ढोलवाल्यांचे आणि प्रसादाचे भागवले. सव्विसाव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. का थांबलं आणि का उघडलं, ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. बनावट खात्यांतून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी कशी जाते, ते मी जवळून पाहिलं आहे. तपासणी हवीच, कडक हवी. मला लागलं ते वेगळं. नामंजूर म्हणणाऱ्याला तोंड नव्हतं. शाहजोग हुंडीत शाह होता, मनीऑर्डरीत पोस्टमन होता, आमच्या काउंटरवर चुकणारी का होईना, मी होते. ती कातकरी बाई तीनदा येऊ शकली, कारण यायला एक जागा होती आणि तिथं बसलेल्या बाईची लाज जागी होऊ शकत होती.

हे सर्वोच्च न्यायालयानंही ऐकलं. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या एका स्त्रीला बँकेच्या डिजिटल केवायसीत डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं होतं. तिला ते शक्य नव्हतं. तिच्या आणि एका दृष्टिहीन वकिलाच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला: डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायालयानं सरकारला आणि नियामकांना वीस निर्देश दिले. मिचकावण्याखेरीज जिवंतपणाचा दुसरा पुरावा चालावा, कागदी केवायसीची वाट खुली राहावी, आणि यंत्रानं नाकारलेले अर्ज पाहायला माणूस असावा, असं त्यांत आहे. तो निकाल वाचताना मला बाबांची पडवी दिसली.

आता वाडीतल्या बायका केवायसीसाठी माझ्याकडे येतात. मी फोन धरते, त्या मान वळवतात, डोळे मिचकावतात. कापणीनं घासलेली बोटं यंत्राला दिसत नाहीत, तेव्हा ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवतो. काम झालं की मी वहीत लिहिते: तारीख, बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, कोणत्या सेवेत काय चढवलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही करते. त्या सेवेला माझी सही नको असते. पण उद्या पैसे अडले तर कुणाच्या दारात यायचं, हे त्या बाईला ठाऊक असतं.