चकवा आणि बंद खोली : ‘युमे निक्की’ या जपानी खेळाचा इतिहास

आजचा विषय एका जपानी भयखेळाचा आहे, पण सुरुवात आम्ही पऱ्हाटीच्या वावरातून करणार आहोत. अमरावती-अकोल्याकडं रोही आणि रानडुकरांपायी ज्यांनी रात्रीची जागल केली, त्यांना चकवा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माणूस स्वतःच्याच शेतातून निघतो, नाकासमोर चालतो, आणि तासाभरानं पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. चकव्याला दात नाहीत, नखं नाहीत. तो फक्त वाट काढून घेतो. जुनी माणसं उपाय एकच सांगत : जागीच बसा, तांबडं फुटू द्या.

आता जपानकडं जाऊ. २६ जून २००४ रोजी तिथं इंटरनेटवर एक फुकटचा खेळ आला. नाव ‘युमे निक्की’, म्हणजे स्वप्नांची रोजनिशी. कर्त्याचं नाव किकियामा. हे टोपणनाव आहे. बाई की पुरुष, वय काय, राहणं कुठं, यातलं काहीच त्या व्यक्तीनं जाहीर केलेलं नाही.

असा खेळ एकट्या माणसाला करता कसा आला? त्याचं कारण एका साधनात आहे. ‘आरपीजी मेकर’ या मालिकेमुळं प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही घरच्या संगणकावर खेळ रचता येऊ लागला. याच मालिकेतल्या १९९२ च्या एका आवृत्तीवर १९९६ मध्ये ‘कॉर्प्स पार्टी’ हा भयखेळ तयार झाला. किकियामानं वापरली ती ‘आरपीजी मेकर २००३’ ही आवृत्ती. मोठी कंपनी नाही, भांडवल नाही. आपल्याकडं हौशी नाटक मंडळी जसं गावातल्या पडद्यांवर नाटक उभं करतात, तसंच हे समजा.

खेळात आहे काय? मादोत्सुकी नावाची एक मुलगी. एक खोली, त्यात पलंग, टेबल, टीव्ही, बाहेर छोटी गॅलरी. दाराजवळ नेलं की ती मान हलवून नकार देते. बाहेर जायचंच नाही. मग ती झोपते आणि स्वप्नात मात्र तेच दार उघडतं. पुढं बारा दारं, प्रत्येकामागं एक वेगळं जग. तिथं हिंडून २४ वस्तू आणि रूपं गोळा करायची : सायकल, छत्री, सुरी, बेडूक वगैरे. संवाद जवळजवळ नाहीत. जिंकणं-हरणं नाही. नको वाटलं तर गालाला चिमटा काढायचा, की जाग येते.

आणि बरं का, यातली बरीचशी जगं गोल फिरतात. सरळ चालत राहिलात तर निघाला होतात तिथंच परत येता. म्हणजे हा शुद्ध चकवा! अंगावर धावून येणारं फार थोडं आहे. भीती आहे ती वाट हरवण्याची.

वाट हरवली की जागलीवरचा माणूस हाळी देतो आणि पलीकडच्या वावरातून उत्तर येतं. खेळणाऱ्यांनीही तेच केलं. नकाशे काढले, कोणती वस्तू कुठं ते एकमेकांना कळवलं, जपानी न येणाऱ्यांसाठी भाषांतरं केली. एका घरातला दिवा विझवला तर ६४ त ‘एक’दा एक भेसूर चेहरा प्रकट होतो. त्याला खेळणारे ‘उबोआ’ म्हणतात. इतकी दुर्मीळ गोष्ट जगभर माहीत झाली ती या सांगोवांगीतूनच. चाहत्यांनी मिळून ‘युमे निक्की’चाच दुसरा अवतार रचायला घेतला. पुढं २०१२ मध्ये ‘इब’ आणि ‘माजो नो इए’ हे असेच घरगुती भयखेळ आले, तेव्हा त्यांचा रसिक तयार होता.

पण सांगोवांगीला दुसरी बाजूही असते. किकियामानं २००७ नंतर खेळात नवी भर घातली नाही. २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीनं झोडपलं, आणि बोलबाला झाला की किकियामा त्यातच गेला असणार. पुरावा कशाचा? फक्त मौनाचा. जानेवारी २०१८ मध्ये हा खेळ ‘स्टीम’वर अधिकृतपणे आला, नव्या रूपातल्या आवृत्तीवर किकियामाची देखरेख असल्याचं जाहीर झालं, तेव्हा ती अफवा मिटली.

असंच खेळाच्या शेवटाचं झालं. २४ वस्तू गोळा करून त्या सगळ्या स्वप्नातच टाकून दिल्यावर मादोत्सुकी जागी होते, गॅलरीत जाते, आणि परत येत नाही. का, ते खेळ सांगत नाही. मग लोकांनी कारणं जोडली : लहानपणी अपघात झाला असेल, घरात छळ असेल. एकालाही खेळात स्पष्ट आधार नाही.

मंडळी, वऱ्हाडात बसून या शेवटाबद्दल हलक्यानं बोलता येत नाही. आपल्या गावांत किती घरांनी हे पाहिलंय. कर्ज होतं, दारू होती, पोरीचं लगन होतं, असं कुणीतरी ओसरीवर बसून ठरवून टाकतं. सरकारी कागदावर तेच प्रकरण ‘पात्र’ नाहीतर ‘अपात्र’ होतं. मदतीसाठी कागद लागतो, हे खरं. पण गेलेल्या माणसाचं सगळं मन त्या एका शब्दात मावत नाही, हे त्या घराला माहीत असतं.

इतिहास शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, साधन गप्प असेल तिथं आपणही थोडं थांबावं. ‘युमे निक्की’नं हे थांबणं एका पिढीला सवयीचं केलं असतं, पण तिनंही घाई केलीच. तरीही त्याच माणसांनी, ज्याचा कर्ता समोर येत नाही असा खेळ, नकाशे आणि भाषांतरं करून जपला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जाता जाता एवढंच. अमरावतीत, अकोल्यात परीक्षांसाठी भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं पुष्कळ आहेत. एखादं दार दोन-तीन दिवस उघडलं नाही, तर कारण शोधत बसू नका. आधी हाळी द्या. आत कोण काय भोगतंय, ते त्याला सांगावंसं वाटलं तर तोच सांगेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.