बैठक नव्हे, बैठका!

ऑफिसात मीटिंग म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. तासभर बोलायचं आणि निष्पन्न काय, तर पुढच्या मीटिंगची तारीख! पण मॉरिशसच्या 'बैठका'बद्दल वाचलं आणि जरा वरमलो.

बैठका म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र बसायची जागा. शब्द भोजपुरी, पण आपल्या बैठकीचा सख्खा भाऊच. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांहून जास्त भारतीय मजूर करारावर मॉरिशसला गेले. बहुतेक बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणी माणसंही त्यांत होती. उसाच्या मळ्यावर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे! पुढे मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले आणि गावं वसली. गाव आलं म्हणजे बैठका आलीच. सुरुवातीला साधीच, गवताने शाकारलेली झोपडी. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमायची. रामायण वाचायचं, भांडणं मिटवायची, पोरांना अक्षरं शिकवायची.

आता खरी गंमत ऐका. १९४७ पर्यंत मतदानाला मालमत्तेची किंवा मिळकतीची अट होती, त्यामुळे सगळ्या बेटावर मतदार जेमतेम बाराएक हजार. नव्या राज्यघटनेने ती अट सैल केली. बेटावरच्या एखाद्या भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत, मग बाई असो वा पुरुष! साहेबाला वाटलं असेल, मजुरांना कुठलं लिहिता येतंय? पण बासदेव बिसुनदयाळ यांच्या जन आंदोलनाने गावोगावच्या बैठकांमध्ये मोठ्या माणसांचे वर्ग भरवले. नांगर-कोयत्याची सवय असलेल्या हातांनी पाटी-पेन्सिल धरली.

ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीत मतदार होते सत्तर हजारांवर, आणि निवडून द्यायच्या १९ जागांपैकी ११ हिंदूंनी जिंकल्या. १९५९ ला सरसकट मताधिकार आला, १९६८ ला स्वातंत्र्य.

मला राहून राहून एकच वाटतं. ती झोपडी बांधणाऱ्यांच्या डोक्यात निवडणूक नव्हतीच. पोरांनी आपली भाषा विसरू नये, एवढंच होतं. पण दार उघडलं तेव्हा आत शिरायची तयारी त्या झोपडीतच झाली होती.

असो. सोमवारी दहाला माझी मीटिंग आहेच...